बाबा, बजावणी आणि एक जुना अमेरिकन खटला

मी ऑस्ट्रेलियात राहून अमेरिकेचा इतिहास शिकवते, आणि माहेर माझं सातारा जिल्ह्यातलं. हे तिन्ही एका दमात सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "म्हणजे नोकरी नक्की कसली?" ॲडलेडला आल्यावर दुसऱ्याच दिवशी माझ्या वडिलांनीही हेच विचारलं. हातात चहाचा कप, अंगात माझ्या नवऱ्याचं जॅकेट, त्याच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. "शिकवतेस ते कळलं," ते म्हणाले. "पण इथल्या पोरांना तिथल्या भानगडी कशाला?"

मी त्यांना सांगितलं की इथलं संविधान लिहिणाऱ्यांनी तिथलं संविधान समोर ठेवलं होतं. संसदेने केलेला कायदा संविधानात बसत नसेल तर कोर्ट तो रद्द करू शकतं, ही गोष्ट इथे सगळे गृहीत धरतात, आपल्याकडेही धरतात. पण ती पहिल्यांदा ठासून सांगितली गेली ती अमेरिकेत, एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या खटल्यात. कोर्ट हा शब्द ऐकल्यावर बाबांनी कप खाली ठेवला. "कसला खटला? दिवाणी?" त्यांनी विचारलं.

बाबा तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होते. चौतीस वर्षं. समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम, जे काही कोर्टातून निघायचं ते ज्याचं त्याच्या हातात नेऊन द्यायचं, सही घ्यायची आणि परत येऊन कागदावर शेरा लिहायचा. याला बजावणी म्हणतात. लहानपणी मला त्यांच्या या नोकरीची लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील शिक्षक होते, कंपाउंडर होते, एकीचे तर फौजदार. माझे वडील सायकलवरून लोकांच्या घरी वाईट बातमी पोचवायचे. वर्गातल्या एका मुलीच्या घरी ते समन्स घेऊन गेले तर ती महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.

त्यांना इथे आणण्यामागे माझा एक बेत होता. आई जाऊन वर्ष झालं होतं. मी एकुलती एक. फेब्रुवारीत बाबा न्हाणीघरात घसरून पडले आणि शेजारच्या वहिनींनी दार वाजवेपर्यंत दोन तास तसेच पडून होते. हाड मोडलं नाही, पण वहिनींच्या त्या फोननंतर मी ठरवलं की यांना आता एकटं राहू द्यायचं नाही. ठरवलं मी, विचारलं कोणालाच नाही. "नातीला भेटायला या" म्हणून सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर बोलावलं आणि मनात धरलं की ते रुळले की कायमचं राहण्याचा अर्ज करायचा. नवरा म्हणाला, "त्यांच्याशी बोल आधी." मी म्हटलं, "बोलेन." तो इंजिनिअर आहे. त्याला वाटतं बोलायचं म्हणजे बोलायचं, त्यात काय अवघड.

बाबा रुळत होते, हेही खरं. आमच्या मॉसन लेक्स भागातल्या तळ्याभोवती रोज दोन फेऱ्या मारायचे. बाकावर बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला "गुड मॉर्निंग" म्हणायचे. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. ती त्यांना आबा म्हणते आणि त्यांच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते. दोघांचं काहीही अडत नव्हतं. दुपारी मी घरी असले की आम्ही जेवणाच्या टेबलावर भाजी निवडत बसायचो, आणि एकदा असंच मेथीची जुडी सोडताना मी त्यांना तो खटला सांगितला.

गोष्ट अशी. देश नवा होता आणि पक्ष त्याहून नवे. ज्यांनी देश उभा केला त्यांना खरं तर पक्षच नको होते. पक्ष म्हणजे घर फोडणं, असं ते म्हणायचे, आणि म्हणता म्हणता त्यांचेच दोन पक्ष झाले. एकाला मजबूत केंद्र सरकार हवं होतं, बँक हवी होती, आरमार हवं होतं. दुसऱ्याला वाटायचं, सरकार जितकं लहान तितकं बरं. राज्यांचं राज्यांना पाहू द्या. वर्तमानपत्रं एकमेकांवर गरळ ओकायची. निवडणूक झाली आणि पहिला पक्ष हरला. पण त्या काळी हरलेल्याला खुर्ची सोडायला काही महिने मिळत. त्या महिन्यांत मावळत्या सरकारने न्यायाधीशांच्या नव्या जागा काढल्या आणि त्यांवर आपली माणसं बसवली. सरकार गेलं तरी कोर्ट आपलं राहावं, हा त्यामागचा विचार.

"हे आपल्याकडे शिकून गेले वाटतं," बाबा म्हणाले.

मी पुढे सांगितलं. अगदी शेवटच्या दिवशी काही नेमणुकांच्या कागदांवर सह्या झाल्या, शिक्के पडले. पण गडबडीत काही कागद पोचवायचे राहिले आणि जुन्या सरकारच्या एका मंत्र्याच्या कचेरीत तसेच पडून राहिले. नवा अध्यक्ष आला, त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने सांगितलं, देऊ नका. तेव्हा ज्यांचे कागद अडकले त्यांच्यापैकी एकजण थेट सर्वोच्च न्यायालयात गेला की माझा कागद मला देववा. आणि त्या न्यायालयात सरन्यायाधीश म्हणून कोण बसला होता? ज्याच्या कचेरीत ते कागद पडून राहिले, तोच जुना मंत्री.

"म्हणजे स्वतःच्या हलगर्जीपणाचा खटला स्वतःपुढेच?"

"हो."

"आणि बसला?"

"बसला. आणि बाबा, तो आणि नवा अध्यक्ष दूरचे चुलत भाऊ होते. एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत."

"मग सरळ भाऊबंदकी म्हण की. पक्ष कशाला म्हणायचं?"

या खटल्यावर मी थीसिसमध्ये एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे आणि भाऊबंदकी हा शब्द मला त्यात कुठेही सुचला नव्हता. पण बाबा खरे अडकले ते वेगळ्याच जागी. मी सहज सांगून गेले की त्यातले डझनभर कागद एका गावी पोचवायला न्यायाधीशाच्या सख्ख्या भावाने घेतले होते. सगळे एकदम नेणं सोयीचं होईना म्हणून त्यातले काही त्याने परत आणून ठेवले. तसं त्याने शपथेवर सांगितलं.

बाबांनी हातातली मेथी खाली ठेवली. "डझनभर कागद जड झाले?"

"असं तो म्हणाला."

"मी एका दिवसात चाळीस समन्स घेऊन घाट चढलोय. सायकल हातात धरून. अशानं मी निलंबित झालो असतो." त्यांना खरंच राग आला होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या माणसाचा, ज्याचं नावही मी त्यांना सांगितलं नव्हतं. संध्याकाळी नवरा घरी आल्यावर त्यांनी त्यालाही हे सांगितलं, नुसता तेवढाच भाग. बाकी अमेरिकेची त्यांना फिकीर नव्हती.

निकालाकडे मी दुसऱ्या दिवशी आले. तो सांगायला मला फार आवडतो. न्यायाधीश कात्रीत सापडला होता. कागद द्या असा हुकूम काढला तर नवा अध्यक्ष तो धाब्यावर बसवणार आणि कोर्टाचं हसं होणार. आधीच नव्या पक्षाने वर्षभर सर्वोच्च न्यायालय भरू दिलं नव्हतं. हुकूम नाही काढला तर लोक म्हणणार, घाबरले. मग न्यायाधीश म्हणाला: या माणसाचा हक्क पक्का आहे. सही झाली, शिक्का पडला, तिथेच नेमणूक पुरी झाली. कागद अडवून ठेवणं चूक आहे. पण असा हुकूम काढायचा अधिकार आम्हाला कायद्याच्या ज्या कलमाने दिला, ते कलमच संविधानाच्या विरुद्ध आहे, तेव्हा ते रद्द. म्हणजे हातातला छोटा अधिकार सोडून दिला आणि कायदा संविधानात बसतो की नाही हे आम्ही ठरवणार, हा मोठा अधिकार घेतला. तोही असा की समोरच्याला तक्रार करायला जागाच नाही, कारण निकाल त्याच्याच बाजूने.

इथे मी वर्गात नेहमी थांबते. पोरांना ते चटकन लक्षात येतं आणि कोणीतरी हसतं. बाबा हसले नाहीत. "आणि त्या माणसाला कागद मिळाला का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नंतर कधी?"

"कधीच नाही."

"मग हक्क आहे म्हणून काय उपयोग? चहा तरी पाजला का त्याला?"

बारा वर्षं शिकवते आहे, पण त्या माणसाचं काय झालं, हे वर्गात मला कोणी विचारल्याचं आठवत नाही. मीही त्याच्याकडे कधी माणूस म्हणून पाहिलं नव्हतं; खटल्याला नाव द्यायला तो लागतो, एवढंच.

त्या आठवड्यात घरात दोन पक्ष पडले. मी न्यायाधीशाच्या बाजूची: सही-शिक्का झाला की काम पुरं, पोचवणं ही नुसती सोय. बाबा नव्या अध्यक्षाच्या बाजूचे, म्हणजे तो माणूस त्यांना आवडला असं नाही, पण हातात दिल्याशिवाय कागद पुरा होत नाही, हे त्याचं म्हणणं त्यांना मान्य होतं. "बजावणी झाली नाही तो हुकूम म्हणजे रद्दी," ते म्हणायचे. माझ्या मुलीने स्वतःला न्यायालय म्हणून नेमून घेतलं. हीटर किती वेळ चालू ठेवायचा, रविवारी पोहे की टोस्ट, असले वाद तिच्यापुढे जायचे आणि ती सोफ्यावर मांडी घालून इंग्रजीत निकाल द्यायची. फक्त भांडी डिशवॉशरमध्ये लावायचा प्रश्न आला की म्हणायची, "सॉरी, आय डोन्ट हॅव ज्युरिस्डिक्शन," म्हणजे हे माझ्या अधिकारात बसत नाही. धडा तिला माझ्यापेक्षा चांगला समजला होता. बाबा खो खो हसायचे आणि स्वतः भांडी लावायचे, चुकीच्या खणात.

इतकं हसतं-खेळतं घर बघून मला वाटलं, आता वेळ झाली. मी अर्ज भरायला घेतला.

अर्ज लांबलचक होता. आजवर कुठे कुठे राहिलात, काय काम केलंत, आईवडिलांच्या जन्मतारखा, दवाखान्याचे कागद. युनिव्हर्सिटीतल्या माझ्या खोलीत, लंच टाइममध्ये, मी महिनाभर तो थोडा थोडा भरत होते. नोकरीच्या रकान्यात एकच ओळ आली. बेलीफ, आणि इथपासून तिथपर्यंतची वर्षं. ती ओळ लिहिताना मला भरून आलं आणि स्वतःचाच राग आला की लहानपणी कशाची लाज वाटत होती मला. शेवटच्या पानावर अर्जदाराची सही हवी होती. तिथे मी एक पिवळा चिकट कागद लावला.

आता खरं सांगायचं तर मी त्यांना सरळ विचारायला हवं होतं. पण सरळ विचारलं की नाही म्हणतील, ही भीती होती. मी असा डाव टाकला की त्यांना लायब्ररीचं कार्ड हवं होतंच, त्याचा फॉर्म होता, दातांच्या डॉक्टरकडचा एक होता, त्या दोन्हींच्या खाली हा अर्ज ठेवायचा आणि म्हणायचं, "बाबा, तीन सह्या करा जरा." चौतीस वर्षं लोकांच्या सह्या घेण्यात घालवलेल्या माणसाला मी हा डाव टाकणार होते. आज लिहितानाही मला त्याचं नवल वाटतं.

लायब्ररीचा फॉर्म त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचला, मग सही केली. दाताचा वाचला, एका शब्दाचा अर्थ विचारला, सही केली. तिसऱ्याला आले. पिवळ्या कागदाकडे बघितलंही नाही. पहिलं पान उघडलं, चष्मा पुसला, बोट ठेवत दोन पानं वाचली. त्यांचं इंग्रजी बोलण्यातलं नसलं तरी कोर्टाच्या कागदांतलं पक्कं आहे. मग पेनाला टोपण लावलं.

"हे कोणी भरलं?"

"मी."

"कोणाच्या वतीनं?"

"तुमच्या भल्यासाठीच आहे बाबा," असं काहीतरी मी पुटपुटले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिन्ही कागदांच्या कडा जुळवल्या, माझ्यापुढे ठेवले आणि फिरायला निघून गेले. तळ्याला दोनाऐवजी चार फेऱ्या मारून आले.

पुढचे आठ-दहा दिवस वाईट गेले. भांडण नाही, अबोलाही नाही. "चहा घेणार?" "घेतो." "थंडी आहे, मफलर घ्या." "घेतलाय." मी आतून उकळत होते. मनात सारखी तीच वाक्यं फिरत होती की दोन तास फरशीवर पडून होतात, ते विसरलात का. तुम्ही चार वाजता फोन उचलला नाही म्हणून मी इथे रडत बसते, त्याचं काय. मुलगी म्हणाली, "मम, यू शुड हॅव जस्ट आस्क्ड हिम." मी तिला म्हटलं, तुझं होमवर्क कर. न्यायालयावर असा राग काढणारी मी पहिली नव्हे.

अडचण अशी की त्याआधीच मी बाबांना माझ्या वर्गात यायचं आमंत्रण देऊन बसले होते. तो खटला शिकवायचा आठवडा जवळ आला होता आणि मला वाटलं होतं, पंधरा मुलांना खराखुरा बेलीफ बघायला मिळेल. आता ते येणार नाहीत असं मी धरून चालले. पण त्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस चापून, दारात उभे होते. "कबूल केलंय ना," म्हणाले. ट्रेनने शहरात जाईपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो.

वर्गात मी खटला सांगितला, नेहमीच्या जागी थांबले, कोणीतरी नेहमीसारखं हसलं. मग बाबांची ओळख करून दिली. ते मराठीत बोलणार आणि मी इंग्रजी करून सांगणार, असं ठरलं. बाबा उभे राहिले. हात मागे बांधून, साहेबापुढे उभं राहतात तसे. समन्स कसं द्यायचं, सही कशी घ्यायची, दोन पंच कसे गाठायचे, हे त्यांनी सांगितलं. मुलं लिहून घेऊ लागली. पोर्ट लिंकनहून आलेल्या एका मुलीने विचारलं की लोकांनी दारच उघडलं नाही तर काय करायचे.

"दाराला चिकटवायचं, पंचांसमोर," बाबा म्हणाले. "पण ते शेवटचं. आधी तीनदा जायचं. काहीजण दार उघडतात आणि हात मागे घेतात. तेव्हा मी लिहितो, घेण्यास नकार. तेही चालतं. कागद हातात द्यायचा तो नुसता त्याला कळावं म्हणून नव्हे. त्याला नाही म्हणता यावं म्हणून."

मी इंग्रजी केलं.

"तुमचा न्यायाधीश म्हणतो, सही झाली की नेमणूक पुरी. हुशार माणूस असेल. पण ज्याच्यासाठी कागद केला त्याला विचारायच्या आधीच पुरी? हे मला पटत नाही. कितीही चांगल्या हेतूने केलेलं असो."

मी सांगितलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला की नको असेल तर तो माणूस नंतर राजीनामा देऊ शकतो की, न्यायाधीशाचंही तेच म्हणणं होतं. चांगला मुद्दा होता. मी बाबांना मराठीत सांगणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब. माझं शेवटचं वाक्य राहिलं."

"कोणतं?"

"कितीही चांगल्या हेतूने. ते तू सांगितलंच नाहीस."

खरंच नव्हतं सांगितलं. मुद्दाम गाळलं असं नाही, पण जीभ वळली नाही. पंधरा मुलं आमच्याकडे बघत होती आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं, सावकाश. मग मागच्या बाकावरच्या मुलाचं म्हणणं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी नाही म्हणणं वेगळं आणि नंतर सोडून जाणं वेगळं. नंतर सोडताना समोरचा दुखावतो." हेही मी इंग्रजी करून सांगितलं. त्या मुलाने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी पाठ फिरवून फळा पुसला, त्यावर पुसण्यासारखं काही नसताना.

शनिवारी सकाळी ऊन पडलं होतं. मी अर्ज काढला, पिवळा कागद सोलून टाकला आणि बाबांच्या खोलीच्या दारावर टकटक केलं. दार उघडंच होतं, ते नेहमीच असतं. त्यांनी मान वर केली. मी आत गेले आणि दोन्ही हातांनी अर्ज त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, हा कायमचं इथे राहण्याचा अर्ज. मी भरलाय, तुम्हाला न विचारता. चूक झाली. तुम्ही इथे राहावं असं मला वाटतं, कारण तुम्ही तिथे एकटे असता आणि मला फार भीती वाटते. आता तुम्ही सांगा."

त्यांनी तो घेतला. खुर्ची खिडकीशी ओढली आणि वाचायला लागले. सगळी पानं. मी पलंगावर बसून राहिले. मध्ये एकदा म्हणाले, "नोकरीचं एक वर्ष कमी लावलंस." मध्ये एकदा माझ्या आईच्या नावापाशी त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. तासाभराने त्यांनी शेवटचं पान उलटलं.

"इथे मी तुझा बाप आहे, हिचा आबा आहे," ते म्हणाले. "चांगलंच आहे ते. पण तिकडे बाजारात गेलो की चार माणसं तोंड चुकवतात आणि चार हाताला धरून चहाला नेतात. कोणाच्या घरी मी काय घेऊन गेलो होतो, ते त्यांनाही आठवतं आणि मलाही. तेवढंच माझं आहे, पोरी. ते सोडून मला नाही राहता येणार."

"आणि पुन्हा पडलात तर?"

"पडेन कदाचित. शेजारी किल्ली देतो, न्हाणीघरात दांडी बसवून घेतो. सकाळ-संध्याकाळ फोन करीन. दर वर्षी येईन, फक्त ही थंडी सोडून."

मी वाद घातला. वाईटही बोलले, म्हटलं, तुम्हाला तालुक्यातले पक्षकार जास्त जवळचे, मी नाही, मला काही वाटतच नाही असं समजता तुम्ही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "वाटतं ते कळलं. म्हणून तर सगळा वाचला."

बाबांनी खिशातलं पेन काढलं. मला वाटलं, बदललं की काय मन. अर्ज उलटा करून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. त्यांचं ते कोर्टातलं अक्षर, थोडं डावीकडे झुकलेलं, शिरोरेघ न मोडता. चार ओळी झाल्या तेव्हा कागद माझ्याकडे सरकवून त्यांनी खाली बोट ठेवलं. "इथे सही कर."

मी पेन घेतलं.

"आधी वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. 'सदर अर्ज कन्येने आज रोजी समक्ष दिला. अर्जदाराने तो पूर्ण वाचून व समजून घेतला. अर्जदाराने तो प्रेमाने नाकारला. नकार कन्येस मिळाला.'

चौतीस वर्षांत त्यांनी असे किती शेरे लिहिले असतील देव जाणे, पण त्यातल्या एकातही हा मधला शब्द आला नसणार. मला अक्षरं दिसेनाशी झाली. मी अंदाजाने खाली सही केली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. मी जरा शांत झाल्यावर त्यांनी कागद उचलून उजेडात धरला.

"तारीख राहिली," ते म्हणाले.